सी ड्राइव्ह भरला? आधी हात आवरा, मग फाइली आवरा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका करसल्लागारांच्या ऑफिसातून फोन आला. “दादा, टॅली उघडतंय, पण तीन पार्ट्या यादीत दिसतच नाहीयेत.” जाऊन पाहिलं. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली म्हणून तिथल्या नव्या मुलाने आदल्या दिवशी ‘सफाई’ केली होती. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, प्रत्येक कंपनीचा (इथे एकेका पार्टीचा, म्हणजे अशिलाचा) डेटा नुसते आकडे हेच नाव असलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं. पोराला वाटलं, ज्याला धड नावही नाही तो कचराच असणार. तीन फोल्डर निवडले, शिफ्ट दाबून डिलीट, म्हणजे रिसायकल बिनमध्येही न जाता कायमचे गेले. शेवटचा बॅकअप दिवाळीचा होता.

मी त्या पोराला फारसा दोष देत नाही. बहुतेक जण याच क्रमाने जातात: ड्राइव्ह उघडायचा, अनोळखी दिसेल ते उडवायचं, मग काहीतरी बंद पडतं आणि तेव्हा बॅकअपची आठवण होते. क्रमच उलटा आहे. खाली दिलेला क्रम विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेनूंची नावं तुमच्या मशीनवर थोडी इकडेतिकडे होतील, क्रम मात्र बदलू नका.

एक नियम सगळ्या टप्प्यांना लागू आहे: ज्याने सामान आणून ठेवलं, त्याच्याकडूनच ते उचलून घ्या. प्रोग्रॅम काढायचा तर अनइन्स्टॉल करून, अपडेटचा गाळ काढायचा तर विंडोजच्या सेटिंग्जमधून, वनड्राइव्हमधलं (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यातलं) हलवायचं तर वनड्राइव्हच्या मेनूतून. स्वतःच्या हाताने डिलीट फक्त त्याच फाइली करायच्या, ज्या तुम्ही स्वतः आणून ठेवल्या आहेत.

सुरू करण्याआधी

मोकळी दुपार काढा. ऑफिसचं मशीन असेल तर महिन्याची २० तारीख आणि मार्चअखेर सोडून द्या. जीएसटीचं रिटर्न अडकलेलं असताना सफाईला हात घालणारे लोक मी पाहिले आहेत. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि लाइट जात-येत असेल, तर पाचवा टप्पा त्या दिवशी करूच नका.

सोबत एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क हवी. आणि कागद-पेन. कागद कशाला ते पुढे कळेल.

मशीन एकदा रिस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करू नका, मेनूतून ‘रिस्टार्ट’च निवडा. अर्धवट राहिलेली अपडेट्स त्यात पूर्ण होतात. ती तशीच लटकलेली असताना तात्पुरत्या फाइली उडवल्या, तर अपडेट मध्येच अडकू शकतं.

टप्पा १ : मोजा

सेटिंग्ज उघडा, सिस्टिम, मग स्टोरेज. सी ड्राइव्हमध्ये काय किती जागा खातंय ते दिसेल. आकडे स्थिर व्हायला एक-दोन मिनिटं लागतात, घाई नको. मोकळी जागा किती आहे तो आकडा तारखेसह कागदावर लिहा.

२५६ जीबीची एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) घेतली आणि विंडोज २३८ जीबीच दाखवतंय, म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. तेवढा फरक सफाईने भरून निघणार नाही.

या यादीतल्या सगळ्यात मोठ्या तीन नावांवर खूण करा. माझ्या अनुभवात पहिल्या तिनांत विंडोजचा कचरा क्वचितच असतो. तिथे असतात आपलेच लग्नाचे व्हिडिओ, मोबाइलचे बॅकअप आणि गेम.

तपासा: लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय तुम्ही किंवा कुणी चालू केली आहे का? असेल तर बंद करा. ज्या फाइली विंडोजने तुमच्यापासून लपवल्या आहेत, त्या लपलेल्याच बऱ्या.

टप्पा २ : बॅकअप, आणि तो उघडून पाहणं

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे चार फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा. कट नको, कॉपी. कट-पेस्ट चालू असताना केबल हलली, तर कोणती फाइल कुठे राहिली हे शोधत बसावं लागतं.

त्यानंतर अशा फाइली, ज्या या चार फोल्डरांत नसतात. टॅलीचा डेटा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा. तो कुठे आहे याचा अंदाज बांधू नका. टॅलीत जाऊन कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा मार्ग लिहिलेला असतो, तो कागदावर उतरवा आणि बॅकअप टॅलीतूनच घ्या. दवाखान्याचं, सोसायटीचं, दुकानाच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्याही सेटिंगमध्ये बॅकअपची सोय असते.

बॅकअप झाला की डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि चार-पाच फाइली खरोखर उघडून पाहा. उघडून न पाहिलेला बॅकअप मी धरत नाही.

आता रिस्टोअर पॉइंट. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा. सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन बंद दिसलं तर चालू करा, मग ‘क्रिएट’ दाबून नाव द्या.

सावधान: रिस्टोअर पॉइंट म्हणजे बॅकअप नव्हे. त्यातून ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर), रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्जची वही) आणि सिस्टिमच्या फाइली आधीच्या स्थितीत मागे नेता येतात. तुम्ही उडवलेला मुलाचा प्रोजेक्ट किंवा एक्सेलची फाइल त्यातून परत येत नाही. ‘रिस्टोअर पॉइंट होता ना!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर काही बोलत नाही.

टप्पा ३ : आपलं आपण आवरा

आता पहिली फाइल डिलीट करायची. डाउनलोड्स उघडा आणि आकारानुसार लावा. वरच्या वीस फाइलींतच निम्म्याहून जास्त भार असतो. प्रिंटरचा जुना सेटअप, एकाच पावतीच्या कंसात १, २, ३ लिहिलेल्या प्रती, झिप आणि शेजारीच तिचा उघडलेला फोल्डर. झिप उडवण्याआधी उघडलेल्या फोल्डरात सगळं आलंय ना, ते बघा.

इथे तीन ठिकाणी लोक अडकतात.

पहिलं, शिफ्टची सवय. नुसतं डिलीट दाबा, म्हणजे फाइल रिसायकल बिनमध्ये जाईल. पण बिनमध्ये गेलेली फाइल अजून डिस्कवरच असते, त्यामुळे मोकळ्या जागेचा आकडा जागचा हलत नाही. लोकांना वाटतं काहीच झालं नाही, म्हणून ते आणखी उडवत सुटतात. आकडा हलणार नाही हे धरूनच चाला. आणि फाइल बिनमध्ये मावणार नाही एवढी मोठी असेल, तर विंडोज ‘कायमची डिलीट करू का’ असं विचारतं. तो प्रश्न न वाचता ‘येस’ दाबू नका. पेन ड्राइव्हवरून उडवलेली फाइल तर बिनमध्ये जातच नाही.

दुसरं, वनड्राइव्ह. नवीन लॅपटॉपवर बऱ्याचदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे वनड्राइव्हशी जोडलेले असतात आणि मालकाला त्याची खबरही नसते. फाइलीशेजारी ढगाचं किंवा हिरव्या टिकेचं चिन्ह दिसलं की थांबा. ‘वर क्लाउडवर आहे ना, मग इथली उडवतो’ असं म्हणून डिलीट केलं, की ती क्लाउडवरूनही जाते, घरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरूनही जाते. तिथे उजवं बटण दाबून ‘फ्री अप स्पेस’ निवडायचं. फाइल वर राहते, इथली जागा मोकळी होते. चुकून डिलीट झालीच तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या बिनमध्ये वैयक्तिक खात्यासाठी ३० दिवस ती मिळते.

तिसरं, आयफोनचे बॅकअप. कधीकाळी आयट्यून्सला फोन जोडला असेल, तर युझरच्या फोल्डरात खोल कुठेतरी कित्येक जीबींचा गठ्ठा पडलेला असतो. त्यातल्या विचित्र नावांच्या फाइली हाताने वेचू नका. आयट्यून्सच्या किंवा ॲपल डिव्हायसेस ॲपच्या सेटिंगमध्ये बॅकअपची यादी असते, तिथून जुना फोन निवडून काढा.

मोठे व्हिडिओ एक्स्टर्नल डिस्कवर हलवताना: कॉपी, मग तिथे उघडून शेवटचं मिनिट पाहणं, मग इथून डिलीट.

टप्पा ४ : नको असलेले प्रोग्रॅम

सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स (विंडोज १० वर ‘ॲप्स अँड फीचर्स’). आकारानुसार लावा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाऊन फोल्डर उडवणं म्हणजे अनइन्स्टॉल करणं नव्हे. रजिस्ट्रीतल्या नोंदी, सर्व्हिसेस, शॉर्टकट सगळं मागे उरतं आणि अनइन्स्टॉल करणारी फाइलही त्या फोल्डरबरोबरच गेलेली असते.

एका वेळी एकच काढा. मशीनने रिस्टार्ट मागितलं तर लगेच द्या.

आणि या चार गोष्टींना हात लावू नका, नाव कितीही परकं वाटलं तरी.

व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल या नावाच्या सात-आठ ओळी दिसतील, वेगवेगळ्या सालांच्या. एकच गोष्ट आठ वेळा आहे असं वाटतं. प्रत्येक साल वेगळ्या प्रोग्रॅमला लागतं, आणि सगळ्या मिळून जागा खातात ती एका व्हिडिओएवढीही नाही.

डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा (ऑनलाइन सहीसाठी लावायच्या, पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या उपकरणाचा) ड्रायव्हर. ईपास, प्रॉक्सकी असली नावं. ‘हे काय आणि?’ म्हणून काढला की पुढच्या टेंडरच्या दिवशी सही लागत नाही.

प्रिंटर, ग्राफिक्स, साउंड यांचे ड्रायव्हर.

आणि जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. हे खास आपल्याकडचं दुखणं आहे. युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशी पद्धत) रुळण्याआधी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेली ढीगभर पत्रं, सोसायटीचे ठराव, लग्नपत्रिका आजही डिस्कवर आहेत. ते सॉफ्टवेअर काढताना त्याचे फॉन्ट गेले, किंवा फॉन्ट्सच्या फोल्डरातून कुणी ‘ज्यादा’ फॉन्ट उडवले, की त्याच फाइलीत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. मजकूर गेलेला नसतो, पण फॉन्ट मिळेपर्यंत तो वाचताही येत नाही. एका वाचनालयाचे दहा वर्षांचे इतिवृत्त आम्ही असेच एका जुन्या सीडीवरून फॉन्ट उतरवून परत वाचनीय केले होते. सीडी होती म्हणून.

तपासा: रिस्टार्ट करा. एक पान प्रिंट काढा. टोकन लावून पाहा. एक जुनी मराठी फाइल उघडा. सगळं नीट असेल तरच पुढे.

टप्पा ५ : विंडोजचा गाळ, विंडोजच्याच हाताने

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. यादी यायला वेळ लागतो. विंडोज काही चौकटी आपणच टिक करून ठेवतं. त्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका, एकेक ओळ वाचा.

टिक करायला हरकत नाही: विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स, टेम्पररी फाइल्स, टेम्पररी इंटरनेट फाइल्स, एरर रिपोर्ट्स, डायरेक्टएक्स शेडर कॅश. थंबनेल्सही चालतील, फक्त पुढच्या वेळी फोटोंचा फोल्डर उघडायला थोडा वेळ लागेल, कारण ती चित्रं विंडोज पुन्हा बनवतं.

टिक काढा: डाउनलोड्स आणि रिसायकल बिन. डाउनलोड्स या यादीत का असतं, हा प्रश्न अनेकांनी मायक्रोसॉफ्टला विचारून झालाय. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटमध्ये ते जुन्या डिस्क क्लीनअपच्या यादीतही घातलं होतं, तेव्हा सवयीने सगळ्या चौकटी टिक करणाऱ्यांचे फोल्डर रिकामे झाले. पुढे तिथून ते काढलं, पण सेटिंग्जच्या या यादीत अजून भेटतं.

विचार करून टिक करा: प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्या सुमारास पुष्कळांनी ११ वर उडी मारली आणि ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं पंधरा-वीस जीबींचं धूड मागे राहिलं. नेहमीचं अपग्रेड असेल तर १० दिवसांनी विंडोज ते आपणच काढतं. त्याआधी काढलंत तर जुन्यावर परतायचा रस्ता बंद. पण कुणी फॉरमॅट न करता विंडोज नव्याने टाकून दिलं असेल, तर तुमचे जुने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स त्याच धुडाच्या पोटात, युझर्स या फोल्डरात असू शकतात. आधी आत डोकावा.

सावधान: मेलमधून थेट उघडलेली आणि त्यातच दुरुस्त करून सेव्ह केलेली वर्डची फाइल कित्येकदा तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरातच राहते. अशी कुठली फाइल चालू असेल तर आधी ‘सेव्ह ॲज’ करून डॉक्युमेंट्समध्ये ठेवा.

मग ‘रिमूव्ह फाइल्स’. अपडेट क्लीनअपला जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा-पाऊण तासही लागू शकतो आणि मध्ये पट्टी एकाच जागी थिजल्यासारखी दिसते. पुढच्या रिस्टार्टलाही पडदा रेंगाळतो. याच वेळी लोक बटण दाबून मशीन बंद करतात आणि मग माझ्याकडे घेऊन येतात. चहा करा.

टप्पा ६ : मोठ्या नावांच्या वाटेला जाताना

इंटरनेटवर ‘सी ड्राइव्ह २० जीबी मोकळा करा’ म्हणून सांगतात, ती नावं बहुधा हीच असतात.

विनएसएक्सएस. विंडोजच्या आतला हा फोल्डर दहा-बारा जीबींचा दिसतो आणि सगळ्यांचा डोळा त्याच्यावर असतो. दिसतो तेवढा तो नसतो. त्यातल्या बऱ्याच फाइली विंडोजच्या दुसऱ्या फोल्डरांतही नोंदलेल्या असतात, पण डिस्कवर त्या एकदाच असतात. एकाच माणसाचं नाव दोन रेशनकार्डांवर असलं की मोजणीत माणसं दोन येतात, घरात मात्र एकच असतो, तसंच. हाताने त्यातलं काही उडवलं तर मशीन पुढच्या वेळी चालू होईलच असं नाही. पाचव्या टप्प्यातलं अपडेट क्लीनअप याच फोल्डराची रीतसर छाटणी करतं, ते झालेलं आहे.

विंडोजमधला इन्स्टॉलर नावाचा फोल्डर. नावावरून जुने सेटअप वाटतात. प्रोग्रॅम दुरुस्त करायला, अपडेट करायला, अनइन्स्टॉल करायला याच फाइली लागतात. शिवायचं नाही.

पेजफाइल. रॅम कमी पडली की विंडोज हिचा आधार घेतं. राहू द्या.

हायबरफिल. हायबरनेट करताना, म्हणजे चालू काम जसंच्या तसं ठेवून मशीन बंद करताना, रॅममधलं सामान इथे उतरवलं जातं. साधारण रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबींच्या वर. डेस्कटॉप असेल आणि हायबरनेट कधीच वापरत नसाल, तर ही जागा मिळवता येते, फाइल डिलीट करून नव्हे तर सोय बंद करून. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि इंग्रजीत लिहा. मावशीला फोनवर सांगितलं तसंच सांगतो: ‘पॉवर’, त्याला चिकटून सी-एफ-जी, मग जागा, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ आणि तिला चिकटून एच, मग जागा, मग ऑफ. एंटर. काहीच उत्तर आलं नाही म्हणजे झालं. परत हवं असेल तर ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’. यासोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं, मशीन चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो. लॅपटॉपवर, त्यातही बॅटरी थकलेल्या लॅपटॉपवर, मी हे करत नाही.

सफाईच्या फुकट प्रोग्रॅमांबद्दल विचारणा होतेच. मी टाकत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या नावाजलेल्या प्रोग्रॅमची एक आवृत्ती, ५.३३, कंपनीच्या नकळत व्हायरससकट बाहेर पडली आणि सुमारे २२.७ लाख मशीनवर गेली. रजिस्ट्री क्लीनर तर नकोच. त्यातून वाचणारी जागा नगण्य, आणि मोडलेली रजिस्ट्री दुरुस्त करायला अख्खी संध्याकाळ.

टप्पा ७ : आठवडाभर थांबा, मग बिन रिकामी करा

रिसायकल बिन आज रिकामी करू नका. आठवडाभर नेहमीसारखं काम करा: बिल काढा, बँकेचं पोर्टल उघडा, स्कॅनर लावा, व्हिडिओ कॉल करून आवाज येतोय का बघा. काही हरवलेलं दिसलं तर बिनमधून ‘रिस्टोअर’. आठवड्यानंतर बिन उघडून यादीवरून एकदा नजर फिरवा, मग रिकामी करा आणि कागदावर पहिल्या आकड्याखाली नवा आकडा लिहा. १५-२० जीबी मोकळी राहिली तर अपडेट्सची कुरकुर सहसा थांबते. तेवढी मिळाली असेल तर आणखी ओरबाडू नका. नसेल मिळाली, तर मोठी एसएसडी घ्यायची वेळ आली आहे.

स्टोरेजच्या पानावर ‘स्टोरेज सेन्स’ चालू करा. त्यात रिसायकल बिनसाठी ३० दिवस ठीक, डाउनलोड्ससमोर मात्र ‘नेव्हर’ असल्याची खात्री करा.

चुकून काही उडालंच तर

त्याच क्षणी मशीन वापरणं थांबवा. ब्राउझर चालू ठेवणं, यूट्यूबवर उपाय शोधणं, फाइल परत आणणारा प्रोग्रॅम त्याच सी ड्राइव्हवर टाकणं, या प्रत्येक गोष्टीने त्या रिकाम्या झालेल्या जागेवर नवं काही लिहिलं जातं. एसएसडी असेल तर वेळ आणखी कमी, कारण डिलीट झालेल्या जागा विंडोज ट्रिम नावाच्या आज्ञेने एसएसडीला कळवतं आणि ती स्वतःच त्या पुसून मोकळ्या करते. मशीन बंद करून डिस्क काढा आणि दुसऱ्या मशीनला जोडून पाहू शकणाऱ्या माणसाकडे न्या.

त्या ऑफिसात एसएसडीच होती आणि मला फोन येईपर्यंत मशीन दिवसभर चालू होतं. तीनपैकी एका पार्टीचा डेटा साहेबांच्या गाडीतल्या पेन ड्राइव्हवर फेब्रुवारीपर्यंतचा सापडला. उरलेल्या दोघांची व्हाउचर दिवाळीपासून पुन्हा भरावी लागली, आणि ती त्याच पोराने भरली.